चुन्याच्या रानातली चावी

"पडली म्हणायचं. एवढंच तर म्हणायचंय. चावी पडली."

"पडली न्हाय अम्मी. फेकली."

"पडली काय आन् फेकली काय, रानातच गेली ना? आन् सापडली बी. मग झालं की!"

"मग तूच जा स्टेजवर. शाल घे, नारळ घे, आन् माइकवर सांग, माझ्या नवऱ्याच्या हातनं चावी पडली म्हनून."

"मला बोलावलं असतं तर म्हटलं असतं! धा बार म्हटलं असतं!" जमिलाबीनं बांगड्यांचं खोकं दाणकन पेटीवर आदळलं. आतली काच खळकन वाजली, तशी ती आणखीच भडकली. "फुटल्या बघ! तुझ्या नादानं फुटल्या!"

"त्या पडल्या, का तू आपटल्या?"

जमिलाबीनं लेकीकडं पाहिलं. राग एका ठरावीक उंचीच्या वर गेला की ती मराठी सोडून दखनीवर यायची. "नक्को बोल मेरे सामने. आज एक दिन चुप बैठ, सानिया. बस्स."

सानिया गप्प बसणारी नव्हती. पहाटे पळायचा सराव करून आल्यापासून तिच्या पायांत अजून बूट होते, मानेवरचा घाम वाळला होता आणि डोकं चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं होतं. तिनं दारातून बाहेर पाहिलं. दाराबाहेर, हाताच्या अंतरावर, तिचा बाप जैनोद्दीन ओल्या फडक्यानं जीपची पुढची काच पुसत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. काच कालही पुसली होती, परवाही पुसली होती. यात्रेपासून जीप जागची हलली नव्हती, तरी काच रोज पुसायची.

लायसन ठाण्यातल्या फौजदाराच्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं. आणि खिशात लायसन नसताना जैनोद्दीन स्वतःच्या दारापासून फाट्यापर्यंतसुद्धा गाडी नेणारा माणूस नव्हता. सानियाला नेमकं हेच सोसत नव्हतं. सिग्नल नसलेल्या चौकातही थांबून दोन्हीकडं बघणारा माणूस, आणि त्याच्या नशिबी हे!

धाराशिवकडच्या वाशी ते येरमाळा हा रस्ता जैनोद्दीनच्या तळपायाला पाठ होता. मिसरूड फुटायच्या आधी तो ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, टायरला हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखायला शिकला, मग स्टेअरिंगवर बसला आणि शेवटी ही काळीपिवळी जीप घेतली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत एक लांब खिळा आहे, त्याला सगळे 'जैनूचा खिळा' म्हणतात. जीपमध्ये कुणाचं काही राहिलं, छत्री, काठी, डबा, लेकराचं टोपडं, की ते त्या खिळ्यावर लटकायचं. एका म्हाताऱ्याचा चष्मा तिथं आषाढ ते दिवाळी टांगलेला होता, म्हातारा येऊन घेऊन गेला तेव्हा जैनूनं काच पुसून दिली. दुसऱ्याची वस्तू या माणसानं कधी हरवू दिली नाही.

आणि पोलिसांपुढं? पोलिसांपुढं त्याची एक ठरलेली रीत होती. हात दिसला की थांबायचं. हात लांबून दिसला तर लांबूनच वेग कमी करायचा, म्हणजे साहेबांना वाटायला नको की पळतोय. इंजिन बंद, चावी जागेवर, दोन्ही हात स्टेअरिंगवर, मग "सलाम साहेब". विचारतील तेवढंच बोलायचं. शिवी आली तर ती खिडकीतून आलेल्या धुळीसारखी, डोळे मिटून जाऊ द्यायची. "गाडी थांबली की डायव्हर लहान हुतो बेटा," असं तो सानियाला सांगायचा. "पुन्ना चालू झाली की पुन्ना मोठा. मधल्या वेळात कशाला मोठेपना करायचा?"

त्यानंच लेकीच्या डोक्यात पोलीस भरती भरवली होती. नातेवाईक नाकं मुरडायचे, पोरीच्या जातीनं पँट घालून रस्त्यानं पळायचं म्हणजे काय! जैनोद्दीन उजाडायच्या आत उठून तिच्या मागून जीप हळूहळू चालवायचा, हेडलाइटचा उजेड तिच्या पायांपुढं पडेल अशा बेतानं. एकदा ती दम खात बॉनेटला टेकली होती तेव्हा तो म्हणाला होता, "तू जा पोलिसात. गाडी थांबवायची तर हात दाखवायचा, शिवी न्हाय द्यायची. कागद बघायचं, चुकलं आसंल तर पावती फाडायची, सोडायचं. एवढंच तर काम हाय. पर करनारं मानूस पायजे."

एवढंच तर काम आहे. आणि ते काम करायला आलेल्या माणसानं काय केलं?

चैत्र पौर्णिमा झाली की येडेश्वरीची पालखी येरमाळ्याच्या डोंगरावरून खाली आमराईकडं निघते, आणि चुन्याच्या रानात माणसांचा पूर लोटतो. जो तो वाकलेला. चुनखडीचे खडे वेचायचे आणि ढिगावर नेऊन टाकायचे, हीच तिथली पूजा. उन्हात ते रान असं पांढरं लखलखतं की डोळे उघडे ठेववत नाहीत. जमिलाबी दरसाल तिथं रस्त्याकडेला बांगड्या भरायला बसते. यंदा सानिया तिच्या मदतीला होती. म्हणूनच तिनं सगळं पाहिलं. ऐकलेलं नाही, पाहिलेलं.

जैनोद्दीन वाशीची माणसं घेऊन आला. पुढच्या सीटवर म्हातारी सखूबाई. ती सीट तिचीच, तिचे गुडघे गेल्यापासून. रस्त्यावर उभ्या हवालदारानं काठीनं दाखवलं, "इथं लाव, उतरव." जैनोद्दीननं तिथं लावली. सखूबाईचा एक पाय खाली, एक पाय वर, तेवढ्यात गॉगल लावलेला फौजदार आला.

"हा रस्ता काय बापाचाय का तुझ्या?"

"सलाम साहेब. त्या हवालदारसाहेबांनी हितंच लाव म्हनलं..."

"म्हणजे माझा माणूस चुकला?"

"तसं न्हाय साहेब. लगेच काढतो. म्हातारी उतरली की..."

खिडकीतून हात आत आला. जागेवरची चावी फौजदाराच्या हातात गेली. "लायसन!"

जैनोद्दीननं दोन्ही हातांनी लायसन पुढं केलं. फौजदारानं नाव वाचलं. मग मान वर करून भोवतालची यात्रा बघितली, हळद लावलेली कपाळं, परड्या, झेंडे. मग पुन्हा लायसन.

"जैनोद्दीन. तुझं काय काम रे इथं? आज?"

सखूबाई बोलली. अर्धी आत, अर्धी बाहेर, तशी लोंबकळत बोलली.

"आमाला आनतोय त्यो! माजं गुडघं गेल्यापासनं त्योच आनतोय. त्याचं काम मला ठावं हाय. तुजं काय काम हाय, ते सांग की आदी!"

उतरलेल्या बाया फिसकन हसल्या. रस्त्यावरचे दोघंचौघं हसले. हवालदारानं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

त्या हसण्याचं उट्टं म्हातारीवर काढता येईना. फौजदारानं हात मागं नेला आणि क्रिकेटमधला फिल्डर फेकतो तशी चावी भिरकावली. सगळ्या वाकलेल्या पाठींवरून ती चमकत गेली आणि पांढऱ्या रानात गडप झाली.

"जा. सगळे खडे वेचतायत, तू चावी वेच." आणि लायसन आपल्या खिशात घालून, पावती नाही, नोंद नाही, शब्द नाही, तो पुढच्या गाडीकडं गेला.

सानिया उठली होती. धावलीही होती. जमिलाबीनं मागून ओढणी धरली, गळ्याला फास बसेल इतकी घट्ट, आणि कानात म्हणाली, "भरती हाय तुझी!" सानियाचे पाय थांबले. त्या दिवसापासून ती रोज पळायला जायची ती त्या थांबलेल्या पायांवर दात ओठ खात पळायची.

जैनोद्दीन रानात उतरला. आता तुम्हीच सांगा, लाखभर माणसं वाकून खडे वेचत असताना त्यातला एकटा चावी शोधतोय, हे कुणाला कळावं? पाठीमागून सगळे सारखेच. दगड उलथून बघणारा प्रत्येक हात सारखाच. कुणा अनोळखी बाईनं त्याची चाललेली धडपड बघून आपल्या ओटीतला एक खडा काढून त्याच्या हातावर ठेवला, "घ्या भाऊ, चांगला हाय." नको कसं म्हणायचं? देवीचा खडा. टाकून कसा द्यायचा? त्यानं तो दोन्ही हातांत धरून नेला, ढिगावर ठेवला आणि परत चावी शोधायला वाकला. उन्हं कलली तेव्हा सखूबाई शेवटचा खडा टाकायला ढिगापाशी गेली. तिला दिसतं कमी, ती हातानं चाचपत होती. तिच्या बोटांना चावी लागली. कुणीतरी ती चावी खड्यांबरोबर उचलून ढिगावर ठेवली होती, वर हळदकुंकूही वाहिलं होतं.

"जैनू, ही बघ. आईनं ठिवून घेतली व्हती तुजी."

जैनोद्दीननं चावी पुसली नाही. सानियाच्या हातात दिली. "तू चालव. माझ्याकडं लायसन न्हाय."

परतताना तो आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच जीपमध्ये बाजूच्या सीटवर बसला होता. वाशी येईपर्यंत बाहेर बघत होता. सखूबाई मागं बसून फौजदाराच्या सात पिढ्या उद्धरत होती, तेवढाच काय तो गाडीत आवाज.

इथंच थांबलं असतं तरी सानिया कदाचित दात आवळून राहिली असती. पण दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ आला. ढिगावर खडा ठेवणारा जैनोद्दीन. डोक्यावर टोपी, पांढरी दाढी, दोन्ही हातांत देवीचा खडा. मागं संथ संगीत. खाली अक्षरं: 'येडाईच्या रानात खडे वेचणारा मुस्लिम चालक. हीच आपली संस्कृती. पुढे पाठवा.'

आणि लोकांनी पुढं पाठवला! पुण्याच्या मामूनं फोन केला, लातूरच्या फुफूनं केला. टपरीवर एक पोरगा येऊन जैनोद्दीनच्या पाया पडला. "चाचा, तुमच्यासारखी मानसं पायजेत." जैनोद्दीन काय बोलणार? पाया पडणाऱ्याला सांगणार, की बाबा, मी वाकलो न्हवतो, मला वाकवलं होतं? चांगल्या मनानं घातलेला हार होता. तो गळ्यातून काढला तर आपणच वाईट.

सानियाला मात्र वाटलं, मारणाऱ्यानं एकदाच मारलं. हे तर त्या मारावर रोज फुलं वाहतायत!

ती उठली आणि धाराशिवला जाऊन मोठ्या साहेबांच्या नावानं तक्रार देऊन आली. शिक्का मारून पोच घेतली. तक्रारीत रडगाणं नव्हतं. गाडीची चावी काढून घ्यायचा आणि फेकायचा अधिकार कुठल्या कायद्यानं? लायसन जमा करून घेतलं तर त्याची पावती का दिली नाही? नाव वाचून 'तुझं इथं काय काम' हे कुठल्या कलमाखाली विचारलं? खाली सही, सानिया जैनोद्दीन.

"कायदा तुझ्या पुस्तकात हाय," जमिलाबी तेव्हा म्हणाली होती, "आन् लायसन त्याच्या ड्रॉवरमधी."

तक्रारीला उत्तर आलं नाही. उत्तरेश्वर आला. उत्तरेश्वर म्हणजे फाट्यावरच्या जीपवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. ठाण्याची आणि जीपवाल्यांची मधली दोरी. सण आला की शांतता समितीत पहिल्या रांगेत बसणारा. आला तो पेढे घेऊन.

"जैनूभाई, सत्कार हाय तुमचा!"

"कशाचा?" सानियानं विचारलं.

"अगं, व्हिडिओ किती गाजला! शांतता समितीची बैठक हाय रविवारी, सभागृहात. शाल, श्रीफळ. साहेब सोता लायसन हातात देनार. सोता! फकस्त एक वाक्य बोलायचं माइकवर."

"कुठलं?"

"खडं येचायला वाकलो. चावी पडली. साहेबांनी शोदून दिली."

"ती तीन वाक्यं झाली उत्तरेश्वर काका. आन् तिन्ही खोटी."

उत्तरेश्वरनं पेढ्याचं खोकं बंद केलं. तो हसायचं थांबला नाही, फक्त हसू बारीक केलं. "पोरी, तू भरतीला बसलीस ना? चांगलंय. पळतीस बी झकास, सगळं गाव बगतंय. निवड झाली की चौकशीचा कागद येतो, वर्तनाचा. कुठं येतो म्हायतीय? ठान्यातच येतो. साहेब म्हनत व्हते, मुलगी हुशार हाय, उगं तक्रारखोर म्हनून लिवायची पाळी येऊ ने."

जैनोद्दीननं मान खाली घालून विचारलं, "किती वाजता?"

"अकरा."

"येतो."

एवढंच. 'येतो'. उत्तरेश्वर गेला आणि तेव्हापासून घरात दोनच शब्द एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. पडली. फेकली. पडली. फेकली. जमिलाबी लेकीच्या नोकरीसाठी भांडत होती. लेक बापाच्या मानेसाठी भांडत होती. ज्याची चावी, तो काच पुसत होता.

आता तो रविवार उजाडला होता.

सानिया तरातरा बाहेर आली. "अब्बा, तुम्ही काय म्हननार हाय?"

"उशीर हुतोय. आवर."

"मी तुम्हाला विचारतेय. तुम्ही पडली म्हनलात तर माझी तक्रार खोटी हुती. माझ्याच बापानं खोटी पाडली, असं हुतं. कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

जैनोद्दीननं फडकं पिळलं, झटकलं, आरशावर वाळत घातलं. "गाडी घेऊन जाऊ. तू चालव."

"अल्ला! सभागृह काय दिल्लीला हाय का?" जमिलाबी आतून ओरडली. "चार पावलं चालायचं, गाडी कशाला?"

त्यानं इस्त्रीचा सदरा घातला, टोपी सारखी केली आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसला.

सभागृहात फलक लागला होता, 'सलोखा' असा, मोठ्या अक्षरांत, दोन कबुतरांच्या मध्ये. खुर्च्या भरल्या होत्या. हारांवर गुलाबपाणी मारलं होतं. टेबलावर ताट, ताटात शाल, नारळ, आणि नारळाला टेकवून उभं केलेलं लायसन. सानियाला ते लांबूनही दिसलं. बापाचा जुना फोटो, काळी दाढी असतानाचा, ताटातून सगळ्यांकडं बघत होता. नैवेद्यासारखा मांडलाय, तिच्या मनात आलं, आणि तिच्या मुठी आवळल्या. सखूबाईला कुणी बोलावलं नव्हतं.

फौजदारानं आज गॉगल लावला नव्हता. गॉगलशिवाय तो अगदी कोवळा दिसत होता, कॉलेजातल्या पोरासारखा. त्यानं उठून जैनोद्दीनचा हात धरला. "या चाचा, या. बसा."

चाचा!

उत्तरेश्वरनं माइक हातात घेतला. गंगाजमनी झालं, संतांची भूमी झालं, मग "आता आपन तो व्हिडिओ बगूया". भिंतीवर पांढरं रान उगवलं. जैनोद्दीन भिंतीएवढा झाला. वाकला, उभा राहिला, दोन्ही हातांत खडा धरून चालत आला. संगीत चढलं. लोक टाळ्या वाजवायला लागले.

सानियानं शेजारी पाहिलं. जमिलाबी टाळ्या वाजवत नव्हती. तिनं भिंतीवरचं ते वाकणं पहिल्यांदाच एवढं मोठं पाहिलं होतं. त्या कमरेत उसण भरते, ते तिला माहीत होतं. रात्री तेल तीच चोळायची. तिनं पदर तोंडात घेतला आणि नजर जमिनीकडं वळवली. पुटपुटली, पण सानियानं ऐकलं. "हरामखोर."

"काय म्हनलीस?"

"काय न्हाय. बस गप."

शाल घातली गेली. नारळ दिला गेला. फोटो निघाले. फौजदारानं लायसन उचललं, कॅमेऱ्याकडं बघत पुढं केलं. जैनोद्दीननं ते घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. मग उत्तरेश्वरनं माइक त्याच्या तोंडापुढं धरला.

"आता जैनूभाई दोन शब्द सांगतील. त्या दिवशी रानात नेमकं काय झालं."

जैनोद्दीन गप्प.

"बोला भाई. खडं येचायला वाकलो..." उत्तरेश्वरनं आठवण करून दिली, लहान पोराला शाळेच्या कार्यक्रमात करून देतात तशी.

माइकमधून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"लाजू नका चाचा," फौजदार हसत म्हणाला, "घरचीच माणसं आहेत. सांगा, चावी कशी पडली?"

सानिया उठून उभी राहिली. खुर्ची मागच्याच्या गुडघ्यावर आपटली. "अब्बा, सांगा! फेकली म्हना! सगळ्यांसमोर सांगा!"

सभागृहातल्या माना वळल्या. "कोन हाय?" "पोरगी हाय त्याची." "खाली बस गं!" "काय फेकली?" "बसा, बसा खाली!" कुणीतरी तिचा हात ओढला, तिनं झटकला. तिला वाटलं, आता. आता हा माणूस तोंड उघडेल. इतक्या वर्षांची सगळी खिडकीतून आलेली धूळ एकदाच बाहेर थुंकेल. एक शब्द, अब्बा. एकच.

जैनोद्दीननं लेकीकडं पाहिलं. मग खांद्यावरची शाल काढली. तिची चौपदरी घडी घातली, अगदी निगुतीनं, जशी दुसऱ्याची विसरलेली वस्तू घडी घालून ठेवतात तशी. खुर्चीवर ठेवली. शालीवर नारळ ठेवला, तो घरंगळू नये म्हणून बेचक्यात नीट बसवला. आणि पायऱ्या उतरायला लागला.

"जैनूभाई? अवो भाई, आजून..." उत्तरेश्वर माइक घेऊन दोन पावलं मागं आला. वायर संपली.

फौजदारानं त्याच्या हातातला माइक घेतला. "चाचा, एक मिनिट. चाचा!"

जैनोद्दीन मधल्या वाटेनं चालत होता. वाटेतल्या लोकांनी पाय आत घेतले.

"ए!"

तो आवाज सभागृहातल्या चारही भोंग्यांतून आला. चाचा त्यात कुठं राहिला नव्हता. "ए जैनोद्दीन! तुला विचारतोय ना मी? थांब! थांब म्हणतोय ना तिथंच!"

आणि फौजदाराचा हात वर गेला. उघडा तळवा, ताठ दंड, जसा रस्त्यावर जातो तसा. सवयीनंच गेला असेल. शांतता समितीच्या सगळ्या लोकांनी तो हात पाहिला.

जैनोद्दीननंही मान वळवून पाहिला. हात दिसला की थांबणारा माणूस तो. सानियानं बघितलं, त्याची पावलं खरोखर मंदावली होती. आयुष्यभराची सवय होती ती, पायांतली.

मग त्यानं वाटेकडेला उभ्या लेकीपुढं हात केला. सानियाला आधी समजलं नाही. समजलं तशी तिनं पँटच्या खिशातून जीपची चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. चावीच्या दातांच्या खाचेत कुंकू अजून होतं.

"अब्बा, काहीतरी बोला की," ती म्हणाली. "त्याला काहीतरी बोला!"

जैनोद्दीननं दारातल्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या, पायांत सरकवल्या आणि बाहेर जीपकडं गेला, डायव्हरच्या बाजूला.